रोजच्या कामाला कुठला एआय असिस्टंट धरावा?

टिपणवही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

माझं काम ऑफिसातलं. मीटिंगची इतिवृत्तं लिहायची, पत्रांचे मसुदे करायचे, इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणायची आणि एक्सेलमधल्या दोन-तीन याद्या एकमेकींशी जुळवायच्या, रोज हेच थोडंफार इकडेतिकडे. गेले चार महिने चॅटजीपीटी, जेमिनी आणि क्लॉड अशी तीन फुकट खाती आलटूनपालटून वापरतेय आणि आता माझाच गोंधळ व्हायला लागलाय, एकाचं मराठी बरं वाटतं म्हणून तिकडे जावं तर मोठी फाईल दुसऱ्याला नीट कळते, आणि कुठलं संभाषण कुठे झालं होतं ते शोधण्यातच वेळ जातो. एकच काय ते धरावं असं वाटतंय.

धागा आत्ताच काढायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात यातल्याच एकाला दीड तासाच्या बैठकीचं ट्रान्स्क्रिप्ट (बोललेलं सगळं शब्दशः उतरवलेलं) दिलं आणि इतिवृत्त करायला सांगितलं. झकास करून दिलं, उपस्थिती, विषय क्रमांक, ठराव, सूचक-अनुमोदक, सगळं जागच्या जागी. विषय क्र. ४ वर बैठकीत बराच वाद होऊन तो पुढच्या वेळेवर ढकलला होता. इतिवृत्तात आलं, "सदर विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला." भाषा इतकी ओळखीची की माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली. सह्या व्हायच्या आधी अध्यक्षांच्या लक्षात आलं म्हणून वाचले, नाहीतर न झालेला ठराव कागदावर कायमचा बसला असता. दोन रात्री झोप नव्हती मला.

तर कुठलं चांगलं याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या नकोत. तुम्ही रोज काय करता आणि कशावर स्थिरावलात, का, ते सांगा.

खडूफळा

ते "सर्वानुमते" वाचून पोटात गोळा आला. वाचतेय, मलाही हवंय हे.

जुनी_फाईल

टिपणवहीताई, आधी ते असं का झालं ते सांगतो, कारण निवड कशी करायची ते त्यातूनच निघतं.

या असिस्टंटांच्या आत चालणारी मॉडेलं पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते काढत काढत लिहितात. "सदर विषय" असं लिहून झालं की त्याच्यामागून "सर्वानुमते मंजूर" येणं हे त्याने वाचलेल्या हजारो इतिवृत्तांत नेहमीचंच. तुमच्या ट्रान्स्क्रिप्टमधे वाद लांबला, शेवटी कोणीतरी "बरं मग पुढच्या वेळी बघू" असं हळूच म्हणालं असणार, आणि ते एक वाक्य त्या रुळलेल्या वाटेपुढे टिकलं नाही. त्यात मजकूर लांब असला की सुरवातीचं आणि शेवटचं मॉडेल जितकं नीट पकडतं तितकं मधलं पकडत नाही, यावर २०२३ मधे अभ्यासही झालाय. आताची मॉडेलं त्यात सुधारलीत, पण दीड तासाच्या बैठकीतला चौथा विषय म्हणजे बरोब्बर मधला.

म्हणून मी असिस्टंट निवडताना दोन प्रकारच्या चुका वेगळ्या मोजतो. एक दिसणारी, म्हणजे मराठी ओबडधोबड आलं, तक्ता विस्कटला. ती बघितल्याबरोबर कळते, दोन मिनिटांत दुरुस्त होते. दुसरी न दिसणारी, तुमच्या ठरावासारखी. माझ्या मते दिसणाऱ्या चुका जास्त करणारा पण न दिसणाऱ्या कमी करणारा असिस्टंट कधीही बरा, आणि नेटवरच्या याद्यांमधून हे कधीच कळत नाही.

आता करायचं काय. तुमच्या जुन्या कामांतली दहा काढा. झालेली, तपासलेली, ज्यांचं बरोबर उत्तर तुमच्या हातात आहे अशी. तीन इतिवृत्तं, तीन भाषांतरं, दोन पत्रं, दोन एक्सेल, तुमच्या रोजच्या प्रमाणात. तिघांनाही तेच काम, त्याच शब्दांत द्या. दरवेळी नवीन चॅट उघडून, आणि मेमरी बंद करून, नाहीतर आधीचं आठवून उत्तर देतो आणि तुलना फसते. प्रत्येक काम कमीत कमी दोनदा करून घ्या, कारण तोच प्रश्न परत विचारला तरी उत्तर थोडं वेगळं येतं, एकदा बरोबर आलं ते नशिबाने असू शकतं.

आणि वेळ लावा. काम किती सेकंदात केलं तो वेळ नाही, ते तपासून, दुरुस्त करून, सही करता येईल असं होईपर्यंत *तुमचा* किती वेळ गेला तो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला सगळ्यात आवडणारा असिस्टंट तिसरा आला होता. लिहायचा सुरेख, पण मूळ कागदात नसलेलं इतकं सफाईने घालायचा की ओळ न् ओळ पडताळावी लागायची.

एक सापळा पण ठेवा. दहातल्या एका कागदावर असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्या कागदात नाहीच. "या बैठकीत पुढच्या सभेची तारीख काय ठरली?" आणि बैठकीत ठरलीच नव्हती. जो सरळ सांगतो की यात उल्लेख नाही, त्याला माझे डबल मार्क.

सेमीकोलन

जुनी_फाईल यांच्याशी शंभर टक्के सहमत, थोडी भर.

मी प्रोग्रॅमिंगवाला. आमच्यात निवड बऱ्याचदा मॉडेलच्या हुशारीवर होत नाही, ते काम जिथे चालतं तिथे येतं का यावर होते. कोड लिहायला मदत करणारं गिटहब कोपायलट २०२१ मधे आलं तेव्हा त्याची हुशारी आजच्या मानाने बेताचीच होती पण ते कोड लिहायच्या एडिटरच्याच आत होतं, कॉपी-पेस्ट नव्हतं, म्हणून लोक चिकटले. तुमचंही बघा, ऑफिसची मेल आणि फायली गूगलवर असतील तर जेमिनी जीमेल आणि डॉक्समधे बसलेलाच आहे, वर्ड-आउटलुक-एक्सेल असेल तर मायक्रोसॉफ्टचा कोपायलट. वीस वेळा इकडून तिकडे चिकटवण्यात जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही.

दुसरं, "चॅटजीपीटी वापरतो" म्हटलं तरी त्यामागे नेमकं कुठलं मॉडेल चालू आहे ते बघा. काही फुकट खात्यांत दिवसाची मर्यादा संपली की लहान मॉडेलवर नेतात आणि सकाळी हुशार वाटलेला दुपारी मठ्ठ वाटतो. परीक्षा घेताना वरती मॉडेलचं नाव काय दिसतंय ते वहीत टिपून ठेवा.

तिसरं मराठीबद्दल. मॉडेल अक्षरं वाचत नाही, टोकन नावाचे तुकडे वाचतं. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मधे (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं, आणि जुन्या मॉडेलांची तुकडे पाडायची पद्धत इंग्रजीसाठी बेतलेली, त्यामुळे मराठी वाक्याचे भुसा होईपर्यंत तुकडे व्हायचे. मे २०२४ मधे जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटीच्या कंपनीने, स्वतःच उदाहरण दिलं होतं, मराठीतल्या त्यांच्या नमुना मजकुराला आधी ९६ टोकन लागायचे ते ३३ वर आले. म्हणजे टोकनांच्या त्याच मर्यादेत जवळजवळ तिप्पट मराठी मावायला लागलं. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी कोणी "मराठीत बेकार आहे" म्हणून लिहिलं असेल तर ते आज धरू नका, स्वतः बघा.

ताळेबंद

हिशोबाचं काम करणाऱ्यांसाठी माझा अनुभव, जरा लांब होईल.

आकडे चॅटमधे चिकटवून "बेरीज कर" असं कधीही म्हणू नये. तो बेरीज करत नाही, बेरजेसारखा दिसणारा आकडा लिहितो. छोट्या यादीत बरोबर येतो म्हणून आपला विश्वास बसतो आणि दोनशे ओळींच्या यादीत शेवटून तिसरा आकडा चुकतो, तो कोणाला दिसणार. त्याऐवजी फाईल अपलोड करून "प्रोग्रॅम चालवून बेरीज कर आणि तो प्रोग्रॅम दाखव" असं सांगायचं, किंवा नुसता फॉर्म्युला मागायचा आणि एक्सेलमधे आपणच टाकायचा. जो असिस्टंट आतल्या आत कोड चालवू शकतो तोच हिशोबाला घ्यावा, ही माझी पहिली अट.

पण त्यातही ठेच लागली. तारखा. माझ्या फाईलमधे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल. त्याने लिहिलेल्या कोडने तो ४ मार्च धरला. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी अशा उलट्या झाल्या आणि १३ च्या पुढच्या बरोबर राहिल्या, कारण तेरावा महिनाच नसतो! त्यामुळे अर्धी शीट बरोबर, अर्धी चूक, एकूण बेरीज तंतोतंत बरोबर, फक्त महिनावार आकडे साफ खोटे. मला पकडायला अख्खा दिवस लागला. आता पहिल्या ओळीतच लिहितो की तारीख दिवस-महिना-वर्ष आहे, आणि याच एका शीटवर प्रत्येक नवीन असिस्टंटची परीक्षा घेतो. जो न सांगता विचारतो की "तारखा दिवस आधी की महिना आधी?", तो माझा.

दिवेलागण

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. इतकी परीक्षा घ्यायला वेळ कोणाला आहे? मी एकच धरला, वर्षभर तोच, आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते शिकले. आता मला माहीत आहे तो कुठे घसरतो. सारखं बदलत राहिलं तर हे कळतच नाही. सासूबाईंना सांगावं तसं त्यालाही एकदा सगळं नीट समजावून ठेवलंय, माझी पत्रं कशी असतात, कुठले शब्द नकोत, मायना कसा.

जुनी_फाईल

दिवेलागण, राग कसला, तुमचा मुद्दा खरा आहे. कुठे घसरतो हे ठाऊक असणं हाच निम्मा फायदा. फक्त तुम्हाला ते वर्षभरात कळलं, दहा जुन्या कामांवर ते एका शनिवारी कळतं. आणि ते "एकदा समजावून ठेवलंय" हे कुठे ठेवलंय? त्याच्या आतच असेल तर एका साध्या फाईलमधे स्वतःकडे पण ठेवा. उद्या बदलायची वेळ आली तर ती फाईल नवीन ठिकाणी चिकटवली की झालं, नाहीतर फक्त त्या सूचनांपायी माणूस अडकून राहतो.

कानोसा

मी दृष्टिहीन आहे, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो, एनव्हीडीए नावाचा. माझी निवड तुमच्यापेक्षा फार वेगळ्या कारणांनी होते ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

उत्तर किती हुशार हे नंतर. आधी ते मला ऐकू येतं का नीट. बऱ्याच असिस्टंटांना प्रत्येक उत्तरात ठळक अक्षरं, ठिपके, तक्ते घालायची सवय आहे. डोळ्यांना ते छान दिसत असेल. मी ते उत्तर कॉपी करून मेलमधे टाकलं की ठळक अक्षरांच्या जागी चांदण्यांच्या खुणा येतात आणि माझा रीडर वाचतो, "स्टार स्टार महत्त्वाचे स्टार स्टार". पत्र पुढे जातं ते त्या चांदण्यांसकट, आणि मला कोणीतरी सांगेपर्यंत कळत नाही की समोरच्याला ते कसं दिसलं. म्हणून माझी कायमची सूचना आहे, साध्या परिच्छेदांत लिही, कुठलीही सजावट नको, तक्ता असेल तर प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात सांग. यातला एक ही सूचना तीन उत्तरं पाळायचा आणि चौथ्याला विसरायचा. तो मी सोडला. दुसरा लांब संभाषणातही पाळतो, तो ठेवला, त्याचं मराठी थोडं पुस्तकी आहे तरी.

आणखी एक म्हणजे उत्तर लिहून होत असतानाच काही ॲपमधे रीडर मधेमधे तेच वाक्य परत वाचायला लागतो, काहींत पूर्ण झाल्यावर एकदाच सांगतो. हे कुठल्याही तुलनेत लिहिलेलं नसतं आणि माझ्यासाठी दिवसभराचा फरक आहे तो.

फोटोचं वर्णन मात्र खरंच आयुष्य बदलणारं आहे. बी माय आइज या ॲपमधे २०२३ पासून एआयने वर्णन मिळतं, आधी प्रत्येक वेळी कोणीतरी डोळस स्वयंसेवक फोनवर लागायचा. आता लिफाफ्यावर काय लिहिलंय ते रात्री अकरा वाजता कोणाला त्रास न देता कळतं. पण औषधाच्या पट्टीवरचं नाव आणि तारीख मी अजून माणसालाच विचारतो. तिथे "बहुतेक बरोबर" चालत नाही.

खडूफळा

कानोसा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मुलांसाठी सरावाचे कागद करते त्यात एक विद्यार्थिनी स्क्रीन रीडरवर आहे आणि मी आजवर सगळं तक्त्यांतच देत होते. उद्यापासून बदलते.

शिक्कामोर्तब

वकिलाच्या ऑफिसात काम करतो. आमच्याकडे नियम असा की असिस्टंट मसुदा करेल, पण निवाड्यांचा संदर्भ त्याच्याकडून घ्यायचा नाही. २०२३ मधे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले होते, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने ५००० डॉलर दंड केला. त्यातली मला हादरवणारी गोष्ट म्हणजे वकिलाने त्यालाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत ना, आणि तो हो म्हणाला.

यावरून एक. त्यालाच "नक्की ना?" असं विचारणं म्हणजे तपासणं नव्हे. आणि होयबा असिस्टंट टाळा. एप्रिल २०२५ मधे ओपनएआयला जीपीटी-४ओचा एक अपडेट मागे घ्यावा लागला कारण तो उठसूट हो ला हो करायला लागला होता. माझी साधी चाचणी, बरोबर उत्तर आल्यावर मुद्दाम म्हणायचं, "मला वाटतं हे चुकलंय." लगेच माफी मागून उत्तर फिरवलं तर तो आमच्या कामाचा नाही.

ज्यांना स्वतःच्याच कागदांवरून काम करायचंय त्यांनी गूगलचं नोटबुकएलएम बघा. तुम्ही दिलेल्या कागदांवरून उत्तर देतं आणि कुठल्या परिच्छेदातून घेतलं तो आकडा देतं, त्यावर टिचकी मारली की मूळ ओळ समोर. चूक तिथेही होते, पण सापडते लवकर.

सेमीकोलन

गोपनीयतेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. टिपणवही, बैठकीचं ट्रान्स्क्रिप्ट वैयक्तिक फुकट खात्यात टाकताय का? त्यात माणसांची नावं, वाद, आकडे असणार. सेटिंगमधे जाऊन तुमची संभाषणं पुढच्या मॉडेलच्या ट्रेनिंगला वापरायची परवानगी चालू आहे का ते बघा आणि बंद करा. बंद केलं तरी मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातोच. ऑफिसच्या खात्यांचे नियम बहुधा कडक असतात, वरिष्ठांना विचारून तसं खातं मिळतंय का बघा.

अगदीच बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी मॉडेलं आहेत, मेटाचं लामा, गूगलचं जेमा, ओलामा नावाचा प्रोग्रॅम टाकला की चालतात. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतले आकडे, त्यावरून त्याचा आकार मोजतात) मॉडेल ४ बिटमधे, म्हणजे ते आकडे कमी जागेत, आवळलं की साधारण ४ ते ५ जीबी, चांगल्या लॅपटॉपवर चालतं. पण या आकाराच्या मॉडेलचं मराठी मला तरी कच्चं वाटलं, इंग्रजी मसुद्याला ठीक. बोललेलं ऐकून टाईप करणारं व्हिस्पर हे मॉडेलही घरच्या घरी चालतं, ते जरूर बघा.

टिपणवही

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि उशीर झाला त्याबद्दल माफी. तीन आठवडे लागले पण जुनी_फाईल यांनी सांगितलं तसं केलं. दहा कामं, तीन असिस्टंट, दोनदा, म्हणजे साठ उत्तरं, सगळी एका तक्त्यात टिपली. चार शनिवार-रविवार गेले. ट्रान्स्क्रिप्टमधली नावं आधी काढून टाकली, सदस्य १, सदस्य २ असं केलं. आधीच करायला हवं होतं ते.

विषय क्र. ४ चं ट्रान्स्क्रिप्ट अर्थातच दहात होतं. सहातल्या दोन वेळा परत "मंजूर" आलं. मग सूचना बदलली. इतिवृत्त सरळ मागायचं सोडून आधी विचारलं, "प्रत्येक विषयावर निर्णय झाला, पुढे ढकलला की नुसती चर्चा झाली ते सांग आणि ज्या वाक्यावरून ठरवलंस ते ट्रान्स्क्रिप्टमधून जसंच्या तसं दे." सहाच्या सहा वेळा बरोबर! ते वाक्य माझ्यासमोर होतं, "ठीके, हे आत्ता नको, पुढच्या वेळी घेऊ." तपासायला अर्धं मिनिट. म्हणजे जो असिस्टंट मी रागाने बंद करणार होते त्याची निम्मी चूक माझ्या विचारण्याची होती.

भाषांतरात तिघांमधे फरक जास्त दिसला. एकाने इंग्रजीतल्या "शॅल" आणि "मे" या दोन्ही शब्दांना "करावे" लावलं. परिपत्रकात एक बंधनकारक आणि एक ऐच्छिक असतं, वाचायला दोन्ही गोड, अर्थ पार उलटा. न दिसणारी चूक म्हणजे काय ते इथे कळलं. तो भाषांतराला बाद.

नावं लिहीत नाही, कारण तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकाचं मॉडेल बदललं, वरती नवीन नाव दिसायला लागलं. भाषांतराची कामं परत दिली तर पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल झाली. आज मी क्रमांक लिहिले तर पुढच्या महिन्यात वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. दोन ठेवलेत, एक पत्रं आणि मेलसाठी कारण तो मेलच्या आतच आहे, दुसरा इतिवृत्त आणि परिपत्रकांसाठी. दहा कामांचं फोल्डर मात्र डेस्कटॉपवर ठेवलंय, मॉडेलचं नाव बदललेलं दिसलं की त्यातली चार देऊन बघते, तासाभरात होतं.

एक्सेल आता फक्त फॉर्म्युल्यापुरतं विचारते. ताळेबंददादा, तुमची ती तारखांची युक्ती लावली, तिघांपैकी एकानेच आपणहून विचारलं.

दिवेलागण

पटलं. तुझा तो तक्ता इथे टाकशील का, कोरा? मी पण करते एका रविवारी. माझ्या सूचनांची फाईल पण काढून ठेवली वेगळी.

टिपणवही

टाकते की. रकाने पाचच आहेत, काम, मॉडेलचं नाव, माझा तपासायचा वेळ, दिसणाऱ्या चुका, न दिसणाऱ्या चुका. स्क्रीनशॉट काढून चिकटवू का?

कानोसा

स्क्रीनशॉट नको ताई, मला वाचता येणार नाही. साध्या ओळींत टाका.

टिपणवही

हो हो, चुकलंच माझं. एका कामाची एक ओळ अशा साध्या मजकुरात रात्री टाकते, तो विषय क्र. ४ चा प्रश्न पण जसाच्या तसा देते सोबत.